झिणझिणी

दर चार वर्षांनी मी या घरात येतो.
लाल कौलं, मागे समुद्र,
पुढे पर्सिमनचं झाड, यंदाची फळं अजून वरच.
गोत्सुमधली माझी दिवसाची अकरा घरं,
त्यातलं हे सातवं.

"विकायला काही आणलं नाहीत ना?" किनुए-सान दारातूनच विचारतात.
नाही. पैसेही घेत नाही. फक्त तपासतो.
"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात."
मागच्या वेळीही ते खरंच होतं.
मागच्या वेळी यजमान होते, स्टूल धरून उभे.
मागच्या ओसरीत काही नाही, म्हणाले होते.

बोर्ड न्हाणीच्या दारावर, छताला टेकलेला.
झाकण काढतो. तारांभोवती मीटरचा चिमटा लावतो
आणि श्वास रोखून आकडा बसायची वाट बघतो.
श्वास रोखायची गरज नसते. सवय.
एक मिलिअँपिअरच्या आत असला की
कागदावर 'ठीक' लिहायचं;
लोक चहा देतात, मी नको म्हणतो, लोक तरीही देतात.

आज दोन पूर्णांक सात.

छप्पर गळलं तर खाली पातेलं ठेवता येतं.
वीज गळते ती बिनबोभाट.
एकेक खटका पाडत जातो.
वरची खोली: दोन सात.
स्वयंपाकघर: फ्रीज थांबला तेव्हा कळलं
तो इतका वेळ बोलत होता. दोन सात.
मागची ओसरी:
शून्य पूर्णांक शून्य तीन.

"मागे काय चालतं?"
"कपडे धुते मी. अजून काय चालणार माझ्याकडे?"

सिमेंटची ओली फरशी.
एकोणतीस वर्षांचं वॉशिंग मशीन,
आणि त्याची हिरवी तार, जमिनीत जायची ती,
कुठेच न जाता गुंडाळून सुतळीनं बांधलेली.
गाठ नेटकी, होडीवरच्या माणसाची.
शेजारी चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेन्सिलीनं:
उद्या लावणे.

"त्यांचं अक्षर."
उद्या म्हणजे कधीचा?
"नातू झाला त्या वर्षीचा. नातू आता ट्रक चालवतो."

मग कागदावरचाच प्रश्न विचारला:
हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?
त्या टॉवेलची घडी घालू लागल्या. घातलेलीच घडी.
"येतात. हात ओला असला तर."
कधीपासून?
"ते गेल्यावर. दुसऱ्या हिवाळ्यापासून."
आणि हळूच, मी लिहून घेऊ नये अशा आवाजात:
"सकाळी एकदा लावते. एकदाच.
म्हणते, आहात वाटतं."

तेवीस वर्षं या कामात आहे.
उंदरांनी कुरतडलेल्या तारा पाहिल्या,
गादीखाली वितळलेली वायर, धुळीनं पेटलेला प्लग.
याला काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.
म्हणालो, धोक्याचं आहे हे.
आज झिणझिणतंय, उद्या धरून ठेवेल.
बोलून गेल्यावर कळलं, शब्द चुकला.
त्या हसल्या. "धरून ठेवणारा माणूस नव्हता तो."

दुरुस्ती मला करता येत नाही, नियम आहे.
प्लग काढला. लिहिलं: गळती, मागची ओसरी,
जमिनीची तार जोडलेली नाही.
हामादाच्या तावारा नावाच्या पोराचा नंबर दिला.
चहा घेतला. शिडी गाडीवर होतीच,
पर्सिमन उतरवून दिले. सहा मला मिळाले,
त्यातले दोन तुरट निघाले.

पंधरा दिवसांनी फोन करायचा असतो. केला.
नवं मशीन घेतलंत का?
"छे. तेच. पोरगा तार लावून गेला.
ती पट्टी मात्र काढू नको म्हटलं."
आणि झिणझिण्या?

पलीकडे पावलं. दार सरकलं. नळ सुटला, थांबला.
माझे अजून आठ फोन बाकी होते.

"लावला हात."
ओला?
"ओलाच."

आणि जरा वेळानं:
"गप्प आहेत."